सिंधूनं बांधलेला निळा दिवा

लातूरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत सिंधू टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर दुरुस्त करते. माझं शिलाईचं दुकान तिच्या दुकानाला लागून. पहिलं वर्षभर ती कामापुरतंच बोलली. मग एक दिवस कुणीतरी फिशटँकचा दिवा घेऊन आला आणि तिनं तो हातातसुद्धा न घेता परत पाठवला. त्या दुपारी तिनं मला सगळं सांगितलं.

सिंधू देवणी तालुक्यातली. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, वर्गात मुली तीनच होत्या. लग्न होऊन नांदेडला गेली. नवरा भागवत. विष्णुपुरीच्या रस्त्याला त्याचं मासे आणि काचेच्या टाक्या विकायचं दुकान होतं. सासरे हणमंतराव चौकीदारीतून निवृत्त झालेले, दुपारचे दुकानात येऊन बसायचे. सासू चांगुणाबाई घर बघायच्या.

भागवतनं समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता, पण त्याला वेड लागलं ते समुद्राचंच. खाऱ्या पाण्याची टाकी करायची आणि तिच्यात जिवंत प्रवाळ वाढवायचे, असं त्यानं ठरवलं. फिल्टरच्या पाण्यात पुण्याहून मागवलेलं मीठ कालवून त्यानं चार फुटी टाकी भरली आणि तिच्यात प्रवाळाचे तुकडे आणून ठेवले. पण प्रवाळाला उजेड लागतो, तोही निळा आणि भरपूर. तयार दिवा परवडण्यासारखा नव्हता. सिंधू म्हणाली, मी बांधते.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधली अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी तिनं भंगारातून आणली. तिच्यावर चोवीस निळे आणि बारा पांढरे एलईडी बसवले. पहिली ओळ सोल्डरिंगचा डाग देतानाच करपली, ती उपटून पुन्हा केली. पट्टी तापू नये म्हणून वर जुन्या कॉम्प्युटरचे दोन पंखे लावले. दिवा लागला तेव्हा दिवसा मातकट दिसणारे ते प्रवाळ हिरवे आणि जांभळे दिसायला लागले. भागवत स्टुलावर बसून कितीतरी वेळ बघत राहिला. पुढं कॉलेजची पोरं नुसती टाकी बघायला दुकानात यायची. भागवत प्रत्येकाला सांगायचा, हे आमच्या घरातल्या बाईनं बांधलंय.

खारं पाणी मात्र दिव्याला सुखानं राहू देत नाही. बारीक शिंतोडे उडतात, वाळतात आणि पट्टीवर मिठाचा थर चढतो. दर दोन महिन्यांनी सिंधू दिवा उतरवायची, ब्रशनं साफ करायची, मेलेले एलईडी बदलायची. तिसऱ्या उन्हाळ्यात ड्रायव्हर जळाला. ड्रायव्हर म्हणजे घरातली वीज दिव्याला झेपेल एवढी करून देणारी डबी. तसा चांगला ड्रायव्हर नांदेडात मिळेना, म्हणून तिनं तो बाहेरून मागवला आणि तोवर बाजारातला हलका बसवला. हलक्यात घरची वीज आणि दिव्याची वीज यांच्यात आडोसा नसतो. मिठातून वीज पट्टीवर उतरली तर पट्टीला हात लावायची सोय राहत नाही. हे तिला माहीत होतं. पण दिव्याला अर्थिंग होतं, वीज उतरलीच तर मीटरजवळचं बटण आपोआप पडून ती बंद झाली असती. आठवड्याचा प्रश्न आहे, असं तिला वाटलं. तेवढ्यात आईचं दुखणं कळलं आणि ती माहेरी गेली.

पाचव्या दिवशी भागवत टाकी साफ करत होता. फरशी ओली, पायात चप्पल नाही. दिवा बाजूला सरकवायला त्यानं पट्टी धरली. हणमंतराव बाहेर बसले होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून ते आत गेले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर सिंधूनं दुकान उघडलं. पाण्याला वास सुटला होता. प्रवाळ पांढरे पडले होते. तिनं आधी दिवा उचलला. पट्टीवर मीठ होतंच. मग तिनं प्लग पाहिला. तीन पिनांपैकी जाड, अर्थिंगची पिन मुळापासून कापलेली होती. करवतीचा काप अजून चकचकीत होता.

हणमंतराव दारात उभे होते. तिच्या हातातला प्लग पाहून ते उंबऱ्यावरच बसले.

"ते म्या कापलं," ते म्हणाले. "भिंतीवरचा बोर्ड जळाला व्हता. घरून दुसरा आणला, त्याला दोनच भोकं. भागवत बाजारात गेलता. दिवा बंद राहिला तर तुमचे ते दगड मरतील, असं वाटलं मला."

चार दिवस अंधार झाला असता तरी प्रवाळ मेले नसते. सिंधूनं ते त्यांना सांगितलं नाही.

"डबी म्या हलकी लावली व्हती, मामा," ती म्हणाली. "पिन असती तर तुमचा लेक वाचला असता. डबी चांगली असती तरीबी वाचला असता."

आजच घरी जाऊन चांगुणाबाईंना सांगतो, असं ते म्हणाले. सिंधूनं त्यांना अडवलं. पोरगा गेलाच, आता नवऱ्याचं तोंडही बघणार नाहीत त्या, एवढंच ती म्हणाली. मग तिनं बादल्या भरभरून टाकी उपसली आणि पाणी नालीत ओतलं. प्रवाळही त्यातच गेले.

घरी जो कुणी भेटायला यायचा त्याला चांगुणाबाई सांगायच्या, "हिच्या दिव्यानं खाल्लं माझं लेकरू." सिंधू ऐकून घ्यायची. हणमंतराव तिथंच खाली मान घालून बसलेले असायचे. सात महिने असे गेले. शेवटी चांगुणाबाईंनी तिला जेवायचं ताट वेगळं काढून परसात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा सिंधू वीज तपासायचं मीटर आणि हत्यारं घेऊन लातूरला निघून आली.

गेल्या हिवाळ्यात हणमंतराव वारले. सिंधूला कुणी कळवलं नाही. महिनाभरानं एका दुपारी चांगुणाबाई एकट्याच तिच्या दुकानात आल्या. मी तेव्हा तिथंच होते. उठून जायला लागले तर सिंधूनं माझा हात धरला.

हणमंतरावांनी जाण्याआधी पिनेचं सांगितलं होतं. तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस, असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मग त्यांनी पिशवीतून एक लुगडं काढून टेबलावर ठेवलं.

"लई बोलले मी तुला," त्या म्हणाल्या. "घरी चल आता. दोघीच हाव आपण."

सिंधूनं लुगड्याला हात लावला नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ड्रायव्हरचं सगळं सांगितलं, शिकलेल्या माणसाला सांगावं तसं, काही न वगळता. हे हणमंतरावांनी सांगितलं नव्हतं. सुनेचं त्यांनी झाकून ठेवलं होतं.

चांगुणाबाईंनी विचारलं,

"तुला ठावं व्हतं?"

"हाव."

"ठावं असून माहेरी गेलीस?"

"हाव, आत्या."

त्या उठल्या. लुगडं तसंच राहिलं. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, गाडीची पाटी वाचता येत नाही, म्हणून मी त्यांना नांदेडच्या गाडीपर्यंत सोडायला गेले. वाटेत त्यांनी एकच विचारलं, ही इथं एकटी राहती का. हो म्हटलं. गाडीत बसल्यावर त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं.

परत आले तर सिंधू कुणाचा तरी मिक्सर उघडून बसली होती. त्या न्यायला आल्या होत्या, तू का सांगितलंस, असं मी विचारलं.

"त्यांनी मला निर्दोष समजून नेलं असतं," ती म्हणाली. "मग रोज त्यांच्यासमोर जेवायचं कसं?"

त्याला आता आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात नांदेडचं एक गिऱ्हाईक सांगत होतं, चांगुणाबाईंनी दुकानाची जागा देऊन टाकली आणि त्या माहूरला बहिणीकडं राहायला गेल्या. देवीच्या वाटेवर हळदकुंकू विकायला बसतात म्हणे. सिंधूनं त्याला विचारलं, डोळ्याला दिसतंय का त्यांना नीट. त्याला माहीत नव्हतं.