न फोडलेली खोकी

ती खोकी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. निवृत्त पोलीस अधिकारी दिसला की लोकांना खून आणि दरोडे ऐकायचे असतात. "साहेब, एखादी थरारक केस सांगा ना!" मी सांगतोही. पण एकटा जेवायला बसलो की आठवते ती मात्र भलतीच केस. तिच्यात आरोपी नव्हता, मुद्देमाल नव्हता आणि कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यात, बाभुळगावच्या बाजूला एका ठाण्याचा प्रमुख होतो. आदल्या हंगामात बोंडअळीनं कापूस फस्त केला होता. पेरणी तोंडावर आली होती आणि चोरबीटीचा, म्हणजे मान्यता नसलेल्या कापूस बियाण्याचा, चोरटा धंदा जोरात होता. कुणी दुधाच्या कॅनमधून आणायचं, कुणी बसच्या टपावरून. वरून रोज फोन यायचा, "काय पकडलं?" सकाळची हजेरी झाली की आमचा पहिला विषय तोच.

अशात आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. हा पानठेला चालवायचा आणि गावातल्या प्रत्येक दारावर त्याचं लक्ष असायचं.

"साहेब, त्या बंद पडलेल्या कृषी केंद्रवाल्याच्या घरी पार्सलवर पार्सल येऊन राह्यलं. बुढा खोकं घेते अन् दार लावून घेते. कोणाले आत येऊ देत नाही."

"काय असतं त्यात?"

"थे तं तुमी पाहा ना जी! एकट्या माणसाले इतकं काय लागते?"

मला बातमी पक्की वाटली. तो माणूस साठी ओलांडलेला, बायको वारलेली. पूर्वी त्याचं बियाण्याचं दुकान होतं. बोंडअळीच्या वर्षी कास्तकारांनी दुकानासमोर उभं राहून त्याला नाही नाही ते ऐकवलं. बियाणं कंपनीचं, शिव्या याला. त्यानं शटर ओढलं ते कायमचं, आणि मग त्याला कुणी चहालाही बोलावेना. जुन्या ओळखी, गावावरचा राग आणि बंद दार. संशयाला आणखी काय हवं होतं?

कृषी अधिकारी, दोन पंच, एक हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन मी सकाळीच त्याच्याकडे गेलो. त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. "या जी. चहा मांडू काय?" डाव्या कानानं त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा. आतल्या खोलीत आढ्याला टेकतील इतकी खोकी रचलेली होती आणि एकाचीही टेप फाडलेली नव्हती. कृषी अधिकाऱ्यांचे डोळे चमकले.

पहिल्या खोक्यात केस कुरळे करायचं यंत्र निघालं. दुसऱ्यात तान्ह्या बाळाची दुधाची बाटली. मग इस्त्री, मग योगासनाची चटई, मग पडद्यांचा जोड.

"साहेब, बियाणं तं सोडा," हवालदार पुटपुटला, "इथं सरकीचा दाणा पण नाही."

कृषी अधिकारी चरफडत निघून गेले. माझा संशय मात्र उलट वाढला. चोरीचा माल असेल, किंवा दुसऱ्याच्या नावावर फसवून केलेली खरेदी असेल. मी त्याला ठाण्यात आणलं.

खोटं बोलणारा माणूस एक तर जास्त बोलतो, नाही तर अंगावर येतो, हा माझा अनुभव. हा दोन्ही करेना.

"केस कुरळे करायचं यंत्र कशाला लागतं तुम्हाला?"

त्यानं आपल्या टकलावरून हात फिरवला. "लागते जी."

"आणि दुधाची बाटली?"

"लागन कधीतरी."

माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी म्हणालो, "मोबाईल काढा!" तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. दोन्ही हातांनी मोबाईल छातीशी धरून म्हणाला, "मोबाईल नोका घेऊ साहेब. बाकी घरातलं समदं घेऊन जा."

आमची महिला शिपाई त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. "काका, मी फक्त पाहते. काही पुसत नाही." तिच्या हातात त्यानं तो दिला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सर, सगळ्या ऑर्डर एकाच बाईच्या लिंकवरून केल्या आहेत."

मला काही कळेना. मग तिनं समजावलं. ही बाई घरगुती वस्तूंचे व्हिडिओ करते. खाली लिंक देते. तिथून कुणी वस्तू घेतली की विकणारी कंपनी तिला थोडं कमिशन देते. "घरबसल्या कमाई करतात सर. माझी वहिनी पण करते." व्हिडिओत तिशीतली एक सडसडीत मुलगी हसून सांगत होती, "आवडलं तर खालच्या लिंकवरून घ्या. माझ्या संसाराला हातभार लागेल."

"कोण ही?" मी विचारलं.

त्यानं मोबाईल हळूच परत घेतला. "पोट्टी होय माही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलीनं परजातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि पुण्याला गेली. यानं अंगणात उभं राहून सांगितलं होतं, "तू मले मेली." आई गेली तेव्हा ती आली, अंगणातूनच परत फिरली आणि बापाचा नंबर तिनं ब्लॉक करून टाकला. पुढे एक दिवस मोबाईल चाळताना तिचा व्हिडिओ समोर आला.

"पण काका, खोकी फोडत काहून नाही?" शिपाईनं विचारलं.

"मले सामान कुठं पाह्यजे? वापसही करता येत नाही. वापस केलं तं तिचं कमिशन कापते." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "लेक घरी आली तं रिकाम्या हातानं धाडत नसतेत, साहेब. माही लेक आता अशीच येते. मोबाईलमंधी. दोन मिनिटं बसते, बोलते. जाताना मी काहीतरी घेतो."

 हवालदार उगाच पंख्याचं बटण खालीवर करत बसला. 

शिपाईनं मात्र सांगायचं ते सांगितलं. "काका, घरच्यांनी अशा लिंकवरून घेतलेलं कंपनीला चालत नाही. कळलं तर ताईंचं खातं बंद करतील."

तो पांढरा पडला. "म्हणजे मी तिचं नुकसान करून राह्यलो?"

मी म्हणालो, लावतो मुलीला फोन. त्यानं माझे हात धरले. "नोका जी. तिनं रागानं हेही बंद केलं तं मले थे दिसणारच नाही." मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'अनधिकृत बियाणे मिळून आले नाही,' आणि त्याला गाडीतून घरी सोडलं. त्यानं खरेदी थांबवली. मुलीला देण्यासारखं एवढंच उरलं होतं, तेही त्याच्या हातून गेलं.

पेरण्या आटोपल्यावर एकदा शिपाई धावतच माझ्या खोलीत आली. "सर, हे ऐका." व्हिडिओच्या शेवटी ती मुलगी जरा थांबून बोलली होती, "माझा प्रत्येक व्हिडिओ आला की कुणीतरी लगेच एक वस्तू घ्यायचं. आता कुणी घेत नाही. घ्यायलाच हवं असं नाही. ते बरे असतील ना, एवढंच."

आम्ही तडक त्याच्याकडे गेलो. त्यानं तो व्हिडिओ पाहिलेला होता आणि खाली नाव न घालता दोनच शब्द लिहिले होते. 'बरं आहे.'

काही आठवड्यांनी मी त्या रस्त्यानं जाताना त्यानं हात करून गाडी थांबवली आणि मला आत नेलं. जुनी खोकी तशीच होती. चुलीच्या ओट्यावर एका माणसापुरता छोटा कुकर ठेवलेला, आणि बाजूला त्याचं फाडलेलं खोकं.

"हे मी नाही मागवलं, साहेब. चिठ्ठी नाही, काही नाही. भांड्याच्या दुकानदाराले दाखोलं तं थो सांगे, याची शिट्टी लय जोरात वाजते." त्यानं आपल्या डाव्या कानाला हात लावला. "हे तिनं देल्लं मले. म्हणून फोडलं."

त्यानं खिचडी लावली. कुकरची शिट्टी झाली. त्यानं मान वळवली नाही, तरी त्याला ऐकू आली. आम्ही दोघांनी मिळून खिचडी खाल्ली.

मी तिथं असेपर्यंत मुलगी आली नाही, फोनही आला नाही. नंतर माझी बदली झाली. चौकशी करणं मला अवघड नव्हतं, पण केली नाही. ती आली नसेल, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

बंद दारामागे काहीतरी लपवलेलं असणार, असं समजायची आम्हा पोलिसांना सवय. त्या केसनंतर मी दार उघडणाऱ्या माणसाला आधी विचारू लागलो, घरी आणखी कोण असतं? आता मीही एकटाच असतो. मुलगा दूर आहे, अधूनमधून ऑनलाइन काहीतरी पाठवतो. मी ते खोकं दारातच, कुरिअरवाल्यासमोर फोडतो. त्याला घाई असते, पण विचारतो बिचारा, "काय आलं काका?"

मी सांगतो, "मुलानं पाठवलंय."