रतनच्या वतीनं

काशीआत्या रोज सकाळी लिंगपूजेला बसण्याआधी घोडीच्या कुशीला कान लावायची. पदर सावरून, डोळे मिटून, चांगली दोन मिनिटं. मग म्हणायची, "पोट बोलायलंय. आत गुडगुड हाय तवर घोडं धड. गप झालं की जिवाला धोका."

आम्ही लिंगायत. आत्या माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन बोरीला आमच्याकडे आलेली. निजामी राज्य होतं. आप्पा कापडाच्या गाठी आमच्या रतन घोडीवर लादून चारठाण्याच्या बाजाराला जायचे. घोडी बसली की आमचा धंदा बसायचा. पण आत्याची ख्याती आमच्या घरापुरती नव्हती. जिंतूरचे अंमलदारसुद्धा आपला घोडा दाखवायला दारात यायचे. आत्या त्यांना म्हणायची, "सायब, लगाम सोडा आन् गप उभं ऱ्हा." आणि ज्यांच्यापुढे अख्खं गाव मान वर करत नसे, ते मुकाट उभे राहायचे. मी आ वासून बघायची.

बाराव्या वर्षी तिने मला हाताशी घेतलं. घोडीच्या मागून जायचं नाही, खांद्याकडून बोलत बोलत जायचं. रोज खूर उचलून खडा अडकलाय का बघायचं. घामेजून आली तर आधी फिरवायचं, मग पाणी. चुकलं तर आत्या रागवायची नाही. पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

त्या वर्षी पोळ्याला मी घात केला. बैलांना झुली, बाशिंगं, पुरणपोळ्या. आणि रतन बिचारी कोपऱ्यात कडबा चघळतेय. मला फार वाईट वाटलं. कुणी बघत नाही असं पाहून मी तिला आठ पोळ्या चारल्या, वर बैलांसाठी भिजवलेलं घमेलंभर धान्य पुढे ठेवलं. दुपारी रतन पायाने माती उकरायला लागली. सारखी मान वळवून आपल्याच पोटाकडे बघायची.

आत्याने कान लावला आणि तिचा चेहराच उतरला. "काय खाल्लं हिनं?"

"मला म्हाईत न्हाई," मी म्हटलं.

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "बैल रवंथ करतो, त्याला पचतं. घोड्याला ओकताबी येत न्हाई, पोरी. आन् तिला वाचा न्हाई. तिच्या वतीनं कुणीतरी खरं बोलायला पायजे."

मी रडत रडत सगळं सांगितलं. आप्पांनी हात उगारला, तो आत्याने वरच्या वर धरला. "आधी घोडी," एवढंच म्हणाली. ओवा-हिंगाचं पाणी नळीने पाजलं आणि दिवस कलेपर्यंत आम्ही दोघी रतनला चालवत राहिलो. लोळली तर आतड्याला पीळ बसेल, म्हणून क्षणभर थांबू दिलं नाही. दिवेलागणीला आत्याने माझंच डोकं तिच्या कुशीला टेकवलं. आधी काहीच नाही. मग खोल कुठेतरी गुरगुरलं. तेवढा गोड आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

निजामी संपत आली तेव्हा आत्या अंथरुणाला खिळली होती. मी सासरहून आले. रतन चार दिवसांपूर्वी म्हातारपणाने गेली होती, आणि आत्याला कळू द्यायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद होती. आत्याने मला जवळ बोलावलं.

"रतन कशी हाय?"

आप्पा डोळ्यांनी खुणावत होते. मी म्हटलं, "गेली, आत्या. सोमवारी. झोपेतच गेली."

तिने माझा हात धरला. "बरं केलंस सांगितलंस. माझ्या मागं तिला कोण बघंल, म्हणून अडकून ऱ्हायले होते बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजेच्या वेळेआधी, आत्या लिंगैक्य झाली.