तिसऱ्या नंबरावरची सही

चष्मा कपाळावर ढकलून ताई स्क्रीनच्या इतक्या जवळ जायच्या, की आता नाक टेकतंय असं वाटायचं. मग म्हणायच्या, "थांब. आनंद नंतर."

मोशीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या लॅब असिस्टंट होत्या. त्यांचे वडील पिंपरीत कारखान्यात कामगार, घर थेरगावला. इतकी वर्षं काढली तरी कंत्राटीच. करार दर अकरा महिन्यांनी नवा व्हायचा, तोही विभागप्रमुखांनी शिफारस केली तर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम त्यांना येतं, खुर्ची दुसऱ्याला मिळते.

आमचा प्रकल्प होता दशमान बेरीज करणाऱ्या उलटगामी सर्किटांची तुलना. उलटगामी म्हणजे उत्तरावरून मूळ आकडे परत काढता आले पाहिजेत. त्यासाठी बेरजेसोबत काही जादा तारा बाहेर काढाव्या लागतात. हवं ते सर्किट उतरवता येईल असा एक बोर्ड लॅबमध्ये होता. त्यावर आम्ही चार रचना एकेक करून उतरवल्या आणि कोणती किती जागा घेते ते मोजलं. आमची स्वतःची सगळ्यांत लहान निघाली! विभागप्रमुखांनी लगेच स्पर्धेला नाव दिलं. मोजमापांच्या तक्त्यावर फक्त ताईंची सही बाकी होती.

"थांब. आनंद नंतर. उत्तर नऊ आलंय. आत काय टाकलं होतं, पाच-चार की सहा-तीन? विचार तुझ्या सर्किटला."

सर्किट गप्प. आमच्या रचनेतल्या जादा तारा आम्ही पुढे कशालाच जोडल्या नव्हत्या, म्हणून सर्किट बोर्डावर उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या बिनकामाच्या समजून काढून टाकल्या होत्या. उरली होती साधी बेरीज. ती लहान असणारच. बाकी तिन्ही रचनांच्या तारा मात्र नीट जोडलेल्या.

मी चाकणला कंपन्यांच्या गेटवर ओव्हरटाइमच्या खोट्या आकड्यांविरुद्ध पत्रकं वाटणारा. ताई म्हणाल्या, "काय नेते, बाहेरच्यांचे आकडे तपासता, घरचे कोण तपासणार?"

त्यांनी शेजारी बसून सगळं पुन्हा मोजायला लावलं. आमचा नंबर तिसरा.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, जुन्याच तक्त्यावर सही करा. कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना, सर."

"तुमचा करार जूनमध्ये संपतोय."

"माहितीय, सर."

आणि ताईंनी त्यांच्यासमोरच नव्या तक्त्यावर सही करून तो माझ्या हातात दिला. "घे. आता चहा पाज."

जूनमध्ये करार नवा झाला नाही. कारण सांगितलं नाही. कंत्राटी माणसाला कारण द्यावं लागत नाही, या कारखान्यांच्या पट्ट्यातली ही सगळ्यांत स्वस्त सोय! मी पेटून पत्रक लिहिलं आणि थेरगावला ताईंना दाखवायला नेलं. ताईंनी 'क्रांतिकारी' खोडलं, 'अन्याय' ठेवला. म्हणाल्या, "माझं नाव काढ. सर्किटचं बरोबर लिहिलंयस."

पत्रक वाटलं. ताई परत आल्या नाहीत.

परवा लॅबमध्ये गेलो. ताईंच्या जागी नवे गृहस्थ बसले होते, स्वभावाने चांगले. मुलांनी तीन तक्ते पुढे केले. त्यांनी फोनवर बोलता बोलता तिन्हींवर सह्या ठोकल्या आणि पेन तसंच हातात धरून विचारलं, "अजून आहेत का?"