शिंकं किती उंच टांगायचं

आमच्या घरी शिंकं टांगायचा मान बायकोचा. कारण ती उंच अन् मी बुटका. लग्नात अंतरपाटाच्या वरून तिचं कपाळ दिसत व्हतं अन् माझं नुसतं बाशिंग. दही, लोणी, उरलेली भाकर, समदं त्या शिंक्यात. मांजराला पोचत न्हाई अन् मला बी न्हाई.

तिच्या छातीत गाठ आली, ती क्यान्सरची निघाली, अन् औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात एक बाजू काढून टाकली. गावात कुनी इचारलं तर मी 'पोटाचं आपरेशन' म्हनून सांगायचो. तिनं ऐकलं. म्हनली, "अवं, पोट तुमचं सुटलंय. माझं छातीचं झालंय, छातीचं सांगा."

सुट्टी देताना तिथल्या सिस्टरबाईनं सांगितलं व्हतं, हाताला जपा, अन् हात रोज हलवा बी. मला त्यातलं जपायचं तेवढं पटलं. आमच्याकडं जपायचं म्हनजे बाळंतिणीला जपत्यात तसं. दुसरं जपनं आमाला ठावंच न्हाई. खाटंखाली शेगडी ठिवली, तिच्या कानाला फडकं बांधलं, डिंकाचे लाडू करून घेतले. त्या बाजूचा हात माझ्या उपरण्यात घालून गळ्यात अडकवला. शेजारची काकू बघाय आली अन् म्हनली, "समदं हाय रं, फकस्त पाळना ऱ्हायला."

शिंक्याची दोरी वाढवून ते बी तिच्या कमरंइतकं खाली आनलं. हात वर करायची तकलीफ नको. त्याच दिशी मांजर लोणी खाऊन गेलं. त्या मांजरानं लय दिवस माझी ओळख ठिवली व्हती.

पन केसाचं काय करावं? तिचा हात डोक्यापर्यंत जाईना. मंग मी बसलो फनी घेऊन. मला इद्या येती ती चऱ्हाट वळायची. तसंच वळलं. तिनं हात लावून पाह्यलं अन् म्हनली, "म्या काय बैल हाय का? आता कासरा धरून बाजाराला न्या." त्या दिवसापासून ती उंबऱ्याबाहीर गेली न्हाई. पोखर्णीच्या नरसिंहाला जायचा नवस बोलली व्हती. म्हनली, "माझ्या हातानं अंबाडा बांधीन तवाच जाईन. न्हाईतर न्हाई."

दवाखान्यात दाखवायचा दिवस आला. चुडाव्याच्या टेसनावर आगगाडीत बसून औरंगाबादला गेलो. सिस्टरबाई म्हनली, "हात वर करा." हात खांद्यापर्यंत बी जाईना. मधीच अडकला, गंजल्या कडीवानी. तिच्या तोंडावर घाम आला.

"घरी हात कोन हलवू देत नाही?" सिस्टरबाईनं इचारलं.

मी छाती फुगवून म्हनलो, "मी! काडी बी उचलू देत न्हाई."

"मामा, टाके भरलेत. हात तुमी जाम करून ठिवलाय."

मंग तिनं बायकोला भिंतीपुढं उभं केलं. मुंगी चढल्यावानी बोटं वर वर न्यायला लावली. म्हनली, ओढ बसंल तितकं करायचं, झटका द्यायचा न्हाई, लय दुखलं तर थांबायचं, हात सुजला तर लगेच इकडं यायचं.

बायकोनं एकच इचारलं. "बाई, मला माझे केस बांधता येतील का?"

"रोज केलं तर येतील. आता बसून ऱ्हाऊ नका."

येताना बायको माझ्याशी बोलंना. डब्यात नामांतरावरून लोकं भांडायली व्हती. एकजन माझ्याकडं वळून म्हनला, "तुमी कोनाकडून?" मी म्हनलो, "सध्या तर बायकोकडून, पन ती घ्यायला तयार न्हाई." तवा कुठं ती हसली.

घरी आल्यावर भिंतीचा खेळ सुरू केला. आमची भिंत मातीची. बोटं चढवली की पोपडे गळायचे. तिला लौकरच कंटाळा आला. "वर काय हाय? पाल हाय. तिच्यासाठी म्या कामून मरू? शिंकं वर घ्या, त्यात भाकर तरी हाय."

मी दोरी आखडली. ती पोचली की आजून मूठभर आखडायचो. एकदा ती दात खाऊन हात वर न्यायली व्हती, तेवढ्यात काकू आली.

"मुडद्या, बाई रडायली अन् तू खाटंवर बसून बघायलास?" असं म्हनून काकूनं भाकर काढून तिच्या हातात दिली.

बायको म्हनली, "काकू, ठिवा परत वर."

काकूनं ठिवली. मंग माझ्याकडं बघून म्हनली, "दोघं बी येडे झालेत."

काही दिवस हात वर जायचा, काही दिवस जायचाच न्हाई. पेरनीच्या टायमाला तर दोरी एकाच गाठीवर ऱ्हायली. तिला एकटं वाटू नये म्हनून मी बी संगट हात वर करायचो. तिचा मोकळा व्हायचा ऱ्हायला बाजूला, माझाच खांदा धरला. मंग तीच मला तेल लावून द्यायची, त्या हातानं. म्हनायची, "आपरेशन कुनाचं झालंय तेच कळंना."

एक दिवस सकाळी तिनं माझ्या हातातली फनी काढून घेतली. "सरका." पाठ फिरवून बसली. हात वर गेला, थरथरला, खाली आला. परत गेला. लय येळ लागला. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हनली, "गप." अंबाडा झाला. जरा एका अंगाला कलला व्हता, पन तिचा व्हता.

त्याच दिशी पोखर्णीला गेलो. देवाम्होरं तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर जोडले. मी देवाकडं कमी अन् हाताकडंच जास्त बघायलो.

घरी आल्यावर पदर खोचून तिनं शिंक्याची गाठ सोडली अन् पयलं व्हतं तिथं, पार वर टांगलं.

मी म्हनलो, "अगं, जरा खाली ठिव की. माझा हात पोचत न्हाई."

म्हनली, "रोज वर करा. पोचंल."