तिचा थेंब तरंगला आणि मी हसले

"ह्यांच्या अंगात रक्तच नाही, देणार काय? डब्यासाठी आल्यात बाया!"

मॅनेजर माईकवरून बोलला. सगळं कॅन्टीन हसलं. मी बोटाला कापूस धरून खुर्चीत बसले होते. मान वर होईना.

खालापुरातल्या आमच्या कारखान्यात रक्तदान शिबिर होतं. रक्त देईल त्याला स्टीलचा डबा. मी पॅकिंगला. कर्जतकडच्या गावातून कंपनीच्या बसने येते. बारावी झालेली, म्हणून बायकांचे फॉर्म मीच भरले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या बोटातला थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता. तरंगत राहिला. "हिमोग्लोबिन कमी आहे. रक्त घेतलं तर तुम्हालाच त्रास होईल," त्या हळूच म्हणाल्या. शेजारी उभ्या मॅनेजरने ते ऐकलं.

माझ्यामागे जनाबाई. डोंगरातल्या वाडीवरची. कारखान्यात झाडू मारते. तिच्या लेकीला बाळंतपणात कुणाचं तरी रक्त चढवलं, लेक वाचली. म्हणून आली होती. डब्याकडे तिने बघितलंसुद्धा नव्हतं. तिचाही थेंब तरंगला.

"हिला आधी धुवायचं होतं, मग टोचायचं!" मॅनेजर.

पुन्हा हशा. आणि मी हसले. मोठ्याने. माझ्यावरचं हसणं तिच्यावर गेलं, सुटल्यासारखं वाटलं.

तिने माझ्याकडे बघितलं.

"तू पन हसलीस गं?"

उठून गेली.

चार दिवसांनी मॅनेजरने बोलावलं.

"शिबिरातून परत पाठवलेल्या बायांची यादी काढ. अशक्त माणसं ठेवून काय करायचं? तुझं नाव घालू नकोस. तू कामाची आहेस."

कामाची. ऐकून क्षणभर बरं वाटलं. तेही लपवत नाही. मग स्वतःचीच किळस आली. पहाटे उठायचं, घरच्यांचं करायचं, उरेल ते खायचं, आठ तास उभं राहायचं. आमचं रक्त का कमी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी दात काढत बसले.

पेन टेबलावर ठेवलं.

"यादी मी नाय करणार. डॉक्टरीणबाईंनी आमच्या जिवासाठी तपासलं. कामावरून काढायला नाय."

"मग उद्यापासून झाडूवर जा."

"जाते."

आता मी आणि जनाबाई एकाच आवारात झाडतो. पहिल्याच दिवशी शेडच्या मागे तिची माफी मागितली. ती झाडतच राहिली.

"हसलीस सगल्यांसमोर. माफी कोपऱ्यात मागतेस?"

बरोबर बोलली. शनिवारी सगळे जेवायला बसतील तेव्हा मी उभी राहणार. माझं हसणं सांगणार. यादीचंही सांगणार. मॅनेजर समोरच बसलेला असतो. असू दे.