हौसेच्या नावेचं इंजिन

बीदरला इंजिनच्या दुकानात मी पंपाचं सामान घ्यायला गेलो होतो. पांढरा रुमाल बांधलेले एक म्हातारे तिथं नावेसाठी इंजिन बघत होते. पोरं पुण्याला, रान वाट्यानं दिलेलं. आता धरणाच्या पाण्यात बायकोला फिरवायची हौस. तिला त्यांनी दाराबाहेर स्टुलावर पाठमोरी बसवलं होतं. ती शेंगा फोडत होती.

"डिझेलचंच घ्या, अप्पा. कमी पितंय," म्हणत दुकानदारानं इंजिन चालू केलं. ठकठक सुरू झाली तशी म्हातारी उठली आणि तिनं पदर खोचला.

"कामून उठलीस?"

"पंप लागला की!"

म्हातारे दुकानदाराकडं वळले. "जलमभर ह्या आवाजानं ती रानात पाण्याची दारं धरायला पळाली. नावेत बी उठंल. मला तिला बसवायचंय."

ती परत बसली. मग दुकानदारानं पाण्याच्या पिपात पंखा बुडवून पेट्रोलचं इंजिन लावलं. ते घुरघुरायला लागलं, पण म्हातारे त्याच्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर दाराकडं होती. म्हातारी शेंगा फोडत राहिली.

"हेच द्या."

आता आमच्या मळ्यात पंप चालू झाला, की मी आधी बघतो, घरातून कोण उठतंय.