न दिलेले डोस

सिस्टर घरात आल्या की आधी हात धुवायच्या आणि मग ते हात बराच वेळ एकमेकांवर चोळत बसायच्या. "गार हात लागला की आजारी माणूस आक्रसतं, ताई," म्हणायच्या. इस्पितळात वीस वर्षं काढून आता त्या घरोघर फिरत होत्या. ज्यांच्या आजाराला उतार नाही, अशांचं दुखणं हलकं करायचं, हे त्यांचं काम. खांद्याला भली मोठी पिशवी असायची, म्हणून सासूबाईंनी त्यांचं नाव पोस्टमनीण ठेवलं होतं.

"काय गं पोस्टमनीण, आलं का वरून माझं बोलावणं?"

"आलं होतं आजी. पत्ता अर्धवट होता, परत धाडलं."

हसताना कळ यायची, तरी सासूबाई हसायच्या. कर्करोग हाडांत उतरला होता.

सिस्टरांनी मला मॉर्फिनची बाटली आणि मापाची सिरिंज दिली. "दर चार तासांनी द्यायचं. दुखायला लागायची वाट बघायची नाही. दिलंत की लिहायचं." लिहायची मला सवयच. पूजा आटोपली की वही उघडायची, हे लग्नापासूनचं. त्या वहीत औषधाचं एक पान वाढलं.

पण धडधाकट असताना सासूबाईंनी देवासमोर माझ्याकडून एक वचन घेतलं होतं. "सूनबाई, जाताना माझ्या तोंडी देवाचं नाव हवं. मला गुंगीत जाऊ देऊ नकोस." आणि औषध सुरू झाल्यावर दोन दिवस त्या नुसत्या झोपून. जपाची माळ बोटांतून गळून खाली पडलेली. सिस्टर म्हणाल्या होत्या, कित्येक दिवसांची झोप भरून काढतायत, होतील जाग्या. मला धीर धरवला नाही. दिवसाचे तीन डोस मी मोरीत ओतायला लागले. वहीत मात्र 'दिला' लिहायचे. देवाच्या कामात एवढं खोटं खपतं, अशी मनाची समजूत घातली.

दुखणं परत आलं. दुपारी दोनच्या सुमाराला त्यांची नखं पलंगाच्या लोखंडी पट्टीवर खरखर वाजायची. तोंडातून हूं नाही की चूं नाही. मी शेजारी बसून मोठ्याने जप करायचे. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

पाचव्या दिवशी सिस्टर आल्या. सासूबाईंचा चेहरा बघून त्यांनी वही मागितली, बाटली उजेडात धरली. दोन्ही जुळलं. "सहाच्या सहा डोस जाऊनही एवढं दुखतंय? मग वाढवायला हवा. डॉक्टरांशी बोलते."

दुसऱ्या दिवसापासून नणंदबाई आठ दिवस राहायला येणार होत्या. बाई घड्याळाच्या काट्यावर चालणारी. तिने एकही डोस चुकवला नसता.

"सिस्टर, वाढवला तर काही होत नाही ना?"

"आधीचा अंगवळणी पडलाय, म्हणून वाढवता येतो. पडला नसता तर घाबरले असते. श्वास मंदावतो." त्यांनी फोन कानाला लावला होता. पलीकडे घंटी वाजत होती.

"नका लावू. मी दिलेच नाहीत."

त्यांनी फोन बंद केला. "किती?"

"दिवसाचे तीन."

वचनाचं सांगितलं. त्यांनी ठरलेला डोस स्वतः दिला, सासूबाईंच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "वही जुळली म्हणून मी माणसाकडे बघितलंच नाही. माझंही चुकलं. पण ताई, या पाच दिवसांत त्यांनी एकदा तरी नाव घेतलं का?"

एकदाही घेतलं नव्हतं.

त्यानंतर एकही डोस चुकला नाही. तिसऱ्या सकाळी सासूबाई लख्ख जाग्या झाल्या. माळ मागितली, बोटांत धरली आणि म्हणाल्या, "मला कळत होतं. सिरिंज भरून तू मोरीकडे जायचीस."

"मग मागितलं का नाहीत?"

"वचन मीच घेतलं होतं ना. कुठल्या तोंडाने मागू?"

अकरा दिवसांनी त्या गेल्या, जप अर्ध्यावर असताना. भाग्याचं मरण, असं सगळे म्हणाले. मी मान हलवली. पलंग विकून टाकला, तरी दुपारी दोनला मला ती खरखर ऐकू येते. पूजेच्या वेळीही कधी कधी येते. तेव्हा जपाचा आवाज मी चढवत नाही. ऐकून घेते.

सिस्टर आता प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी सांगतात, "न दिलेला डोसही लिहा. मी रागावणार नाही." परवा त्या माझ्याकडे आल्या. एका घरी पन्नाशीचा मुलगा बापाला औषध देत नव्हता. म्हातारे शुद्धीत राहावेत, असं त्याला वाटत होतं. "माझं ऐकत नाही तो. याल का?"

मी गेले. त्याने खुर्ची पुढे केली, पण मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पट्टीवरची नखंसुद्धा.

"त्यांना कळत होतं?" त्याने विचारलं.

"हो. शेवटपर्यंत सगळं."

तो आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला. आतून काहीही आवाज येत नव्हता.